लीना ब्लॅकबर्न रबिंग मड: नव्या बेसबॉलची चकाकी उतरवणारा चिखल

नवा कोरा बेसबॉल हातातून निसटतो. त्याचा तुकतुकीतपणा गेल्याशिवाय पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, पकड मिळत नाही, म्हणून सामन्याआधी अंपायरने चेंडू चोळून ठेवायचे, हा रिवाज जुनाच. अडायचं ते कशाने चोळायचे यावर. मैदानातली माती आणि पाणी, तंबाखूचा रस, बुटाचं पॉलिश, सगळं वापरून झालं. मातीने कातडं खरवडलं जायचं, आणि असा चेंडू हवेत भलतीकडेच वळतो. रसाने, पॉलिशने तो काळवंडायचा. मळका चेंडू बॅटरला नीट दिसत नाही. 1920 मध्ये रे चॅपमन हा बॅटर डोक्याला चेंडू लागून दगावला, तेव्हापासून ही बाब कोणी हलक्यात घेत नाही.

1938 मध्ये फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स संघाचे कोच लीना ब्लॅकबर्न यांनी न्यू जर्सीतला, डेलावेअर नदीच्या एका उपप्रवाहाकाठचा गाळ आणला. जागा अजूनही गुपित आहे. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, दोन विभागांपैकी आधी अमेरिकन लीगने तो उचलला, नॅशनल लीग बऱ्याच वर्षांनी आली.

गाळ तळहातावर कोल्ड क्रीमसारखा पसरतो, पण त्यात कोनेदार बारीक वाळू असते. तीच कातड्याला चिकटून पकड देते, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये दाखवलं.

बोटाच्या टोकावर मावेल एवढाच गाळ घ्या, दोन थेंब पाणी टाका (जुने अंपायर थुंकीवर भागवायचे) आणि चेंडू दोन्ही तळव्यांत फिरवत निदान 30 सेकंद चोळा. मेजर लीगचा 2022 चा दंडकही तेवढाच आहे. शिवाय चेंडू त्याच दिवशी चोळलेले हवेत आणि एका सामन्याचे सगळे चेंडू तीन तासांच्या आत उरकायचे. रंग किंचित मळकट पांढरा आला की थांबा. हात सैल पडला तर गाळ शिवणीत साचतो आणि चेंडूवर डाग उमटतात. गाळ जास्त झाला की पुन्हा तोच जुना काळा चेंडू.

क्रिकेटवाल्यांना हे उफराटं वाटेल. तिथे चकाकी जपतात आणि चेंडू जमिनीवर घासला तर दंड होतो.

डबा उघडा राहिला की गाळ सुकतो, तेव्हा झाकण घट्ट लावा. अस्सल कातडी चेंडूंसाठी याला तोड नाही. सरावाच्या सिंथेटिक चेंडूंसाठी मात्र पैसे घालवू नका.