आरएक्स 100 चा ‘जपान’ कार्बोरेटर: सांगलीत मिळणारा माल, त्याची पारख आणि भाव

सांगलीत शंभर फुटी रोडच्या गॅरेजांमध्ये यामाहाच्या जुन्या आरएक्स 100 मोटरसायकलचा कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) मागितला की तीन प्रकारचा माल पुढ्यात येतो, आणि विकणाऱ्याच्या तोंडी तिन्ही ‘ओरिजिनल मिकुनी’च असतात; मिकुनी ही कार्बोरेटर बनवणारी जपानी कंपनी. पहिला जुन्या गाडीवरून उतरवलेला, बॉडीवर ‘जपान’ लिहिलेला. दुसरा देशी, मिकुनीच्या सहकार्याने चेन्नईत युकाल कंपनीने बनवलेला. तिसरा पेटीबंद, आरशासारखा चकचकीत; पेटीवर मिकुनीशी मिळतंजुळतं काहीतरी छापलेलं आणि आत बिल-वॉरंटीचा पत्ता नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. रोज चालवायच्या गाडीला चांगल्या स्लाइडचा (ॲक्सिलरेटर पिळला की वर उचलला जाणारा दट्ट्या म्हणजे स्लाइड) देशी कार्बोरेटर घ्या. ‘जपान’साठी जास्त पैसे फक्त पहिल्या काळातल्या गाडीसाठी मोजा, तेही स्लाइड बघितल्यावर. तिसऱ्या मालाची केबल ॲडजस्टर आणि वरची टोपी तेवढी कधीतरी कामाला येते.

भाव ‘जपान’ या अक्षरांना मिळतो. ती अक्षरं बॉडीवर असतात, पण गाडी चालते ती स्लाइड आणि ती ज्यात वरखाली होते तो बोअर यांच्यातल्या फटीवर. अक्षरं चाळीस वर्षं टिकतात, फट टिकत नाही. त्यामुळे बाजारात सगळ्यात महाग विकला जाणारा माल बऱ्याचदा सगळ्यात झिजलेला असतो.

आरएक्स 100 आपल्याकडे 1985 च्या शेवटी आली आणि 1996 मध्ये बंद झाली. ती इथे बनवणाऱ्या एस्कॉर्ट्सने सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांवर जुळवल्या, पुढे पार्ट देशी होत गेले. कार्बोरेटर मिकुनीचा व्हीएम20, म्हणजे 20 मिलिमीटर हवेच्या वाटेचा, गोल स्लाइडचा. यातून एक गोष्ट सरळ निघते जी विकणारा कधीच सांगत नाही: 1994 च्या गाडीला जपानी कार्बोरेटर लावला तर ती जास्त ओरिजिनल होत नाही, कमी होते. तिच्यावर देशीच शोभतो आणि तोच बरोबर. इंजिन आणि चेसिस नंबर 1एल1 ने सुरू होतो का हे आधी बघा, आरसी बुकातली साल बघा, मग कार्बोरेटरकडे वळा.

अमेरिकेतल्या जुन्या मसल कारवाल्यांना (मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाड्या जपणाऱ्यांना) ही पारख बरीच सोपी जाते. तिकडच्या होली कंपनीच्या कार्बोरेटरवर चोकच्या भिंतीला लिस्ट नंबर ठोकलेला असतो आणि त्याखाली तारखेचा कोड. त्या काळातल्या तीन आकडी कोडात पहिला आकडा सालाचा, दुसरा महिन्याचा, तिसरा आठवड्याचा. साठच्या दशकातल्या गाडीवर 942 दिसला की 1969, एप्रिल, दुसरा आठवडा. ती तारीख गाडी बनल्याच्या तारखेपेक्षा थोडी आधीची असली की जोडी जमली. आपल्याकडे आरएक्सचा असा सरळ वाचता येणारा हिशेब हाती नाही, म्हणून खुणा एकत्र करून अंदाज बांधावा लागतो.

बॉडीपासून सुरुवात करा. मिकुनीचं नाव साच्यातूनच उमटलेलं, उठावदार असतं. अक्षरांच्या कडा किंचित गोलसर आणि उंची सगळीकडे सारखी. नकली मालात अक्षरांच्या कडेला दाणेदार खरखर असते, आणि जिथे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर नखाला लागेल इतकी पातळ फ्लॅश (धातूची जादा कड) राहिलेली असते. यामाहासाठी गेलेल्या बॉडीवर मॉडेलचा कोड पंचने ठोकलेला असतो. पंचचे आकडे कमीजास्त खोल जातात, एखादा तिरका बसतो. सगळे आकडे एका ओळीत, एका खोलीचे आणि आतून करपल्यासारखे दिसले तर ते अलीकडचं लेसरचं काम आहे. कोड त्याच सालच्या, मालकाने कधी न बदललेल्या गाडीवरच्या कोडाशी ताडून पाहा. मोबाइलवर फोटो मागवून हे होतं.

मग स्क्रू. जपानी कार्बोरेटरवरच्या चौफुली स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. ती जपानी मापाची खूण. आपला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. वाटीचे (पेट्रोल साठणाऱ्या खालच्या भागाचे) चारही स्क्रू ठिपक्याचे आणि खाचा शाबूत असतील तर हा कार्बोरेटर फारसा उघडलेला नाही. चारातले दोन ॲलन बोल्ट, एक घराच्या कडीचा आणि एक ठिपक्याचा असेल तर आत काय काय बदललं असेल त्याची कल्पना येते. पेटीवरचं सील बघण्यापेक्षा ही खूण आम्हाला जास्त पटते.

आता स्लाइड. इथे घाई करू नका. टोपी काढून स्लाइड बाहेर काढा, स्प्रिंग आणि नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) सुटी करा. स्लाइडच्या तळाला कटअवेचा (तिच्या खालच्या कडेला दिलेल्या तिरक्या कापाचा) आकडा ठोकलेला असतो, 2.0 किंवा 2.5 असा. आकडाच नसेल तर स्लाइड बदललेली आहे, बॉडी कुठलीही असो. आता ती एकटी बोअरमध्ये सोडा आणि बोटाने इंजिनच्या दिशेला आणि उलट ढकलून बघा. झीज इंजिनकडच्या बाजूला होते, कारण इंजिनची ओढ स्लाइडला कायम तिकडे दाबते. बंद जागेवर आणि अर्ध्या उचलीवर, दोन्हीकडे बघा. बंद जागेवर घट्ट आणि अर्ध्यावर टकटक वाजत असेल तर गाडी पेठेत कमी आणि हायवेला जास्त पळालेली आहे. मुलामा उडून आतल्या धातूचा वेगळा रंग उभ्या पट्ट्यात दिसायला लागला की त्या स्लाइडचं आयुष्य संपलं. व्हर्नियरने स्लाइडचा व्यास दोन दिशांनी मोजा, फरक लगेच कळतो.

झिजलेल्या स्लाइडची लक्षणं मालक भलत्याच गोष्टीवर ढकलतो. गाडी गरम झाली की रेस घेते, ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम उतरत नाही, आयडलिंग एकदा लावलं की सिग्नलला बदलतं. मेकॅनिक मग मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीचं) रबर बदलतो, एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमीजास्त करणारा) फिरवतो, शेवटी क्रँकचं ऑइल सील फोडतो. मॅनिफोल्डला चीर असली तरी हीच लक्षणं दिसतात, ते खरं. म्हणून इंजिन चालू असताना मॅनिफोल्डच्या जोडावर थोडं कार्ब क्लीनर मारा. आवाज बदलला तर दोष जोडात, नाही बदलला तर स्लाइडमध्ये शोधा.

नीडलवर कोड कोरलेला असतो, 4जे13 अशा धाटणीचा. पहिला आकडा लांबीच्या गटाचा आणि अक्षर निमुळतेपणाचं: ए म्हणजे 15 मिनिटं (पाव अंश), पुढचं प्रत्येक अक्षर 15 मिनिटांनी जास्त. जे म्हणजे अडीच अंश. बाजारातल्या किटमधल्या बऱ्याच नीडल कोऱ्या असतात. कोरी नीडल बसेल, गाडी चालेलही, पण तिचा उतार कुठला ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे सेटिंग कधी जमत नाही. नीडल ज्यात वरखाली होते त्या जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या भागाचं) माप तर अजून बारीक. ओ-0 म्हणजे 2.600 मिलिमीटर, आणि पुढे प्रत्येक आकड्याला 0.005 ची वाढ. दोन आकड्यांची झीज म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, डोळ्याने दिसणारच नाही. पाव ते अर्ध्या थ्रॉटलला गाडी भरल्यासारखी होते, ॲव्हरेज पडतं, प्लग काळा येतो, आणि मेन जेट (वरच्या स्पीडला पेट्रोल मोजणारा) लहान केला की वरच्या स्पीडला पिस्टन पकडायची भीती. अशा वेळी नीडल आणि तिचा जेट दोन्ही एकदम बदला. क्लिपच्या पाच खाचांमधली मधली धरून सुरुवात करा. जेटवर चौकोनात चौकोन अशी मिकुनीची खूण आणि स्वच्छ आकडा हवा.

पायलटच्या (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या) वाटा तपासायला कार्ब क्लीनरचा डबा पुरेसा आहे. एअर स्क्रू काढून त्या भोकात फवारा मारा. हवेच्या वाटेच्या तळाला इंजिनकडे दोन बारीक छिद्रं असतात, दोन्हींतून धार यायला हवी. एकातून आली आणि दुसरं कोरडं राहिलं तर थ्रॉटल उघडताना गाडी क्षणभर अडखळणार. एअर स्क्रूचं टोक तुटून आतच राहिलंय का हे टॉर्च मारून बघा. कुणीतरी तो शेवटपर्यंत आवळलेला असतो, टोक बसतं अडकून, आणि मग एक ते दोन फेऱ्यांत जमायचं सेटिंग कुठेच जमत नाही. ही बॉडी फुकटच्या भावातही महाग. चोकच्या प्लंजरच्या तळाचं रबरही बघा. त्याला रिंगणासारखी खोल खूण पडली की चोक बंद असूनही पेट्रोल झिरपतं आणि दोष फ्लोटवर (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागावर) जातो.

आपल्या भागात अजून एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या खरेदीदाराला सुचत नाही: पूर. 2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठच्या पेठांमधल्या किती गाड्या पाण्यात होत्या ते सांगलीकरांना सांगायला नको. त्यातल्या अनेकांचे कार्बोरेटर पुढे धुऊनपुसून विकायला आले. वाटीच्या आत कडेला पांढरी पूड, फ्लोटच्या पिनेच्या खांबांवर खवलं, तळाला सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले की समजा. गाळ अल्ट्रासोनिकमध्ये निघतो, खड्डे निघत नाहीत. खड्डा फ्लोट वॉल्व्हच्या सीटशेजारी असेल तर तो कार्बोरेटर ओव्हर होत राहणार, म्हणजे पेट्रोल बाहेर सांडत राहणार.

अल्ट्रासोनिक सफाई इकडे आता बऱ्याच ठिकाणी करून मिळते. सेवा चांगली, पण दोन प्रश्न विचारून द्या: रबर आणि फ्लोट आधी काढणार का, आणि पाण्यात काय टाकता? टॉयलेट क्लीनरसारख्या ॲसिडमध्ये बुडवलेली बॉडी पाच मिनिटांत उजळते आणि महिन्याभरात काळपट राखाडी पडते. बफिंग केलेली किंवा काचेच्या मण्यांनी ब्लास्ट केलेली बॉडी तर अजून त्रासाची. बफिंगने पंचचा कोड पुसट होतो, आणि एखादा मणी वाटेत अडकला की पुढची कटकट वेगळीच. चकाकी बघून भाव वाढवू नका, उलट कमी करा.

पैशाचा हिशेब आम्ही असा लावतो. नव्या देशी कार्बोरेटरचा त्या दिवशीचा काउंटरचा भाव म्हणजे एक. जपानी बॉडी, स्वतःचीच आकडा असलेली स्लाइड, कोडची नीडल, ठिपक्याचे स्क्रू आणि दोन्ही पायलट छिद्रं मोकळी: दोन, फार तर अडीच, आणि तेही गाडीची साल जुळत असेल तर. स्लाइड बदललेली पण बोअर चांगला असेल तर सव्वा. बोअरच ओव्हल झाला असेल तर अक्षरं काहीही असोत, अर्धा. अशी बॉडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बोअर करून मोठी स्लाइड बसवून घेता येते, नीट केलेलं काम टिकतंही. पण संग्रहाच्या दृष्टीने ती गेली, आणि विकताना हे सांगायचं असतं. पुराचा माल जेवढ्याला भंगारवाला घेईल तेवढ्याला. आरएक्स 135 चा कार्बोरेटर 100 चा म्हणून खपवला जातो, त्याचे जास्त पैसे देऊ नका. ते इंजिन 132 सीसीचं, आतलं जेटिंग त्याच्या हिशेबाचं असतं, आणि 100 वर लावला की पहिल्या दिवसापासून प्लग काळा.

पेटीबंद नकलीबद्दल थोडक्यात. नवीन असताना गाडी चालू होते, म्हणून लोक खूश होतात. मग स्लाइड लवकर खडखडते, फ्लोटची सुई अडकते, जेटवरचा आकडा एक आणि भोक दुसरं. त्यातून आता पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं. इथेनॉल काही प्रमाणात आपल्याच उसाचं, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यात रबर फुगतं आणि मिश्रण थोडं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. नकलीच्या स्वस्त ओ-रिंगा यात आधी जातात. जुन्या ओरिजिनलमध्येही रबरी भाग नव्या दर्जाचे घालावे लागतात, आणि दोन आठवडे गाडी उभी राहणार असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाकावं. प्लग पांढुरका येत असेल तर मेन जेट एक पायरीने मोठा करून बघा.

राजदूत 350 वाल्यांसाठी एवढंच: तिला दोन कार्बोरेटर लागतात, म्हणून वरचं सगळं दोनदा करा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. कटअवेचा आकडा, नीडलचा कोड, जेट, सगळं जुळलं पाहिजे. एक शाबूत आणि एक झिजलेला अशी जोडी बाजारात भरपूर असते, आणि विकणारा नेहमी शाबूत असलेलाच हातात देतो. दुसरा मागून घ्या आणि त्याच्यावर भाव ठरवा.