कंटेनर काढायचा, पण कोणत्या कमांडने?

होस्टवर, म्हणजे डॉकर चालतं त्या मशीनवर, 'डॉकर पीएस' मारलं की तीन चालू कंटेनर (आपापल्या बंदिस्त जागेत चालणारे प्रोग्रॅम) दिसतात, आणि पुढे 'मायनस ए' जोडलं की बंद पडलेले धरून सव्वीस. उरलेले तेवीस कधीपासून 'एक्झिटेड' होऊन पडलेले असतात. ते काढायचे रस्ते बरेच आहेत आणि कुठल्याही रस्त्याने कंटेनर जातोच. खरा फरक दोन ठिकाणी पडतो: आतली प्रोसेस मरते कशी, आणि कंटेनरबरोबर आणखी काय काय जातं. टायपिंग किती वाचलं हा मुद्दा गौण आहे.

चालू कंटेनर काढायचा तर निवड 'स्टॉप करून मग आरएम' (थांबवून मग काढणं) आणि थेट 'आरएम मायनस एफ' (जबरदस्तीने काढणं) यांत. नुसतं 'डॉकर आरएम' चालू कंटेनरला हात लावत नाही. आधी थांबव नाहीतर जबरदस्ती कर, असं सांगून परत पाठवतं. 'स्टॉप' प्रोसेसला आधी सिगटर्म हा सिग्नल देतं, म्हणजे 'आवरा आता', आणि 10 सेकंद वाट बघून मग सिगकिल, म्हणजे तडक मारणं. 'मायनस एफ'मध्ये ही आवराआवर नाही, पहिलाच घाव सिगकिलचा. स्वतःचं काहीच न साठवणारा वेब सर्व्हर असेल तर मी बिनधास्त 'मायनस एफ' मारतो. डेटाबेस किंवा रांगेतली कामं उचलणारा वर्कर असेल तर कधीच नाही. तिथे उलट स्टॉपला 'मायनस टी 60' देऊन मुदत वाढवावी. पॉडमन (डॉकरसारखंच दुसरं टूल) वापरणाऱ्यांचं नशीब जरा बरं: त्यांचं 'आरएम मायनस एफ' आधी सिगटर्म देऊन 10 सेकंद थांबतं.

इथे एक तक्रार नेहमी ऐकू येते, की स्टॉपला फार वेळ लागतो. दर वेळी मोजून 10 सेकंद लागत असतील तर दोष स्टॉपचा नाही. कंटेनरमधली पहिली प्रोसेस म्हणजे पिड (प्रोसेस आयडी) 1. तिने सिगटर्मसाठी स्वतःचा हँडलर (सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारा कोड) लावला नसेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, तो सिग्नल तिच्यापर्यंत येऊच देत नाही. मग 10 सेकंद नुसते वाया जातात आणि शेवटी सिगकिलच बसतो. कंटेनर 'रन' करताना 'डबल डॅश इनिट' दिलं की सिग्नल पुढे पोचवणारी एक छोटी प्रोसेस पिड 1 म्हणून बसते आणि बहुतेक वेळा स्टॉप लगेच उरकतो. हे न करता 'मायनस एफ'ची सवय लावून घेणारे मी पुष्कळ पाहिलेत.

बंद पडलेल्यांसाठी प्रश्न वेगळा: एकेक नाव घेऊन 'आरएम', की बंद असलेले सगळे एकदम काढणारं 'कंटेनर प्रून'? आरएमला पूर्ण आयडी लागत नाही. दुसऱ्या कशाशी जुळत नसतील तर पहिली तीन-चार अक्षरं पुरतात. चार-पाच कंटेनरपर्यंत मी हेच करतो. प्रून 'हो की नाही' एवढंच विचारतं, कोण कोण जाणार त्यांची नावं दाखवत नाही. 'वाय' दाबल्यावर लांबलचक आयडींची रांग सरकते, तेव्हा कळून उपयोग नसतो. एकदा क्रॅश झालेला एक कंटेनर मी लॉग वाचायचा म्हणून मुद्दाम ठेवला होता. दुपारी डिस्क भरली म्हणून प्रून मारलं आणि कंटेनरसोबत लॉगही गेला. जागा किती मोकळी झाली? काही केबी. जागा खातात त्या बहुधा इमेजेस (ज्यांच्यावरून कंटेनर बनतात) आणि बिल्ड कॅशे (इमेज बनवताना साठलेले तुकडे). म्हणून कशाने किती जागा खाल्ली ते दाखवणारं 'सिस्टम डीएफ' आधी बघावं.

प्रूनला 'अनटिल' फिल्टर लावता येतो, पण त्यात एक खोच आहे. 24 तास दिले तर मोजणी कंटेनर बनला तेव्हापासून होते, थांबला तेव्हापासून नाही. तीन महिने चाललेला कंटेनर तासाभरापूर्वी थांबवला असेल तर तोही जातो. त्यापेक्षा ठेवायच्या कंटेनरना बनवतानाच लेबल लावावं आणि ते लेबल नसलेलेच प्रून करावेत. 'सिस्टम प्रून' नुसते कंटेनर काढत नाही, न वापरलेली नेटवर्क्स, बेवारस इमेजेस आणि बिल्ड कॅशेही नेतं. फक्त कंटेनर काढायचे असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

एकदाच चालवायच्या कामांना, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) किंवा छोटी स्क्रिप्ट वगैरे, 'रन'लाच 'डबल डॅश आरएम' द्यावं. काम संपलं की कंटेनर आपोआप जातो. पण फसलेल्या कामाचा लॉगही त्याच्याबरोबर जातो. रात्री शेड्यूलवर चालणाऱ्या कामाला म्हणूनच मी हे देत नाही, निदान लॉग दुसरीकडे जात नसेल तोवर तरी.

राहिला 'मायनस व्ही'. एकच अक्षर, दोन अर्थ. 'डॉकर आरएम'ला लावलं तर फक्त निनावी व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा बाहेर साठवायच्या जागा) जातात, नाव दिलेले राहतात. 'कंपोज डाउन'ला (एका फाइलमध्ये लिहिलेले अनेक कंटेनर एकत्र थांबवून काढणारी कमांड) लावलं तर कंपोज फाइलमध्ये नावानिशी लिहिलेले व्हॉल्यूमही जातात, म्हणजे डेटाबेसचा सगळा डेटा. वाचतात ते फक्त 'एक्स्टर्नल', म्हणजे कंपोजच्या बाहेर बनवलेले, म्हणून नोंदवलेले. आणि हे तुम्हाला विचारतही नाही. टेस्टसाठी एकदा मारलेलं 'डाउन मायनस व्ही' हिस्टरीत, म्हणजे मारलेल्या कमांडच्या यादीत, पडून राहतं आणि वरचा बाण दाबला की नेमकं तेच समोर येतं. त्यामुळे ते मारून झालं की लगेच 'हिस्टरी मायनस डी' आणि त्या ओळीचा नंबर देऊन ती ओळ पुसावी.