वेबसाइट कुणाकडून तपासून घ्यावी: टूल, माणूस की एआय हाताशी असलेला माणूस?

मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यानं विचारलं, "साइट सगळ्यांना वापरता येते का ते बघायला एक जण फुकट म्हणतोय, दुसरा पैसे मागतोय. करू काय?" गिऱ्हाईक समोर असेल तर राजापुरी आणि सेलममधला फरक हातात घेऊन दाखवता येतो. साइटवर गिऱ्हाईक अडलं तर तो फोनसुद्धा करत नाही, सरळ निघून जातो.

फुकटवाला वेव्ह, अ‍ॅक्स किंवा लाइटहाउस यांसारखं साइट आपोआप तपासणारं टूल चालवतो. तुम्हीही चालवू शकता, पाच मिनिटांचं काम आहे. अक्षर आणि मागचा रंग यांत ४.५ : १ एवढा फरक आहे का, चित्राला वर्णन आहे का, रकान्याला नाव आहे का, हे टूल चोख सांगतं. या व्यापाऱ्याच्या साइटला शंभरपैकी शंभर मिळाले होते. म्हणून तो निवांत होता.

मग आम्ही दोन माणसं बसवली. विश्रामबागचा एक पोरगा, त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे लिहिणं-वाचणं जड जातं, आणि कॉलेजातली एक मुलगी, तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकणं अवघड. (अशा वेगळ्या जडणघडणीच्या मेंदूंना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. बरा मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.) पोरगा दहाव्या मिनिटाला थांबला. एकाच गोष्टीला साइटवर तीन नावं होती: वर 'टोपली', बटणावर 'कार्ट', शेवटी 'माझी मागणी'. त्याला वाटलं, या तीन वेगळ्या जागा आहेत. मुलीची नजर वरच्या सरकत्या बॅनरवर जाई आणि पिनकोडचा रकाना हातून सुटे. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारी गोष्ट थांबवायची सोय हवी, हे डब्ल्यूसीएजी या जागतिक नियमावलीत आहे. तरी टूलनं चकार शब्द काढला नव्हता. ओटीपी पेस्ट होत नव्हता, आकडे डोक्यात धरून टाकावे लागत होते. लॉगिन असं आठवणशक्तीवर टांगू नये, हे याच नियमावलीच्या ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत आलं आहे.

माणसांच्या तपासणीला मर्यादा आहेतच. एका डिस्लेक्सियावाल्याची अडचण सगळ्यांची नसते. आणि खरी गोम अहवालात आहे. ज्याला लिहिणं-वाचणंच जड जातं, त्याच्याकडून तुम्ही दहा पानी टेबल मागता. मग चांगला तपासनीस पहिल्याच कामानंतर परत येत नाही.

एआयची जागा इथं आहे. पोरगा बोलतो, एआय ते लिहून काढतं, अडचणी सुट्या करतं, नियमाशी जुळवतं, प्रोग्रामरला कळेल असं मांडतं. दोन दिवसांचं काम दुपारच्या चहापर्यंत उरकतं. पण नजर ठेवा. पोरगा म्हणाला होता, "हितं काय बी कळंना, मी तर फोन ठिवला असता." एआयनं लिहिलं, "वापरकर्त्यास किंचित संभ्रम जाणवला." यात गिऱ्हाईक गेल्याची बातमीच गेली! नियमांचे क्रमांकही ते ठसक्यात चुकीचे देतं. म्हणून ध्वनिमुद्रण ठेवा, आणि अहवाल तपासनिसाला वाचून दाखवून त्याची 'हो' घ्या. कुणाला काय निदान आहे, हे एआयला सांगायची गरज नाही.

तपासणी चालू असताना मात्र एआय बाजूला. आम्ही एकदा चुकलो. फॉर्म कळेना म्हणून पोरानं एआयला विचारलं, त्यानं समजावलं, फॉर्म बिनचूक भरला गेला. आमच्या हाती काहीच लागलं नाही. जो रोजच एआयकडून वाचून घेतो, त्याची एक वेगळी फेरी करा. पण पहिली फेरी कोरी.

हल्ली चौथा पर्यायही खपवतात: एआयलाच 'तू डिस्लेक्सिया असलेला माणूस आहेस' असं सांगून तपासणी. तेवढे पैसे वाचवा. ते पुस्तकात लिहिलेल्या अडचणी सांगेल, 'टोपली'वर अडणार नाही.

मी त्याला सांगितलं ते असं. आधी टूल, म्हणजे माणसांचा वेळ फिक्या अक्षरांवर जाणार नाही. मग तीन माणसं, प्रत्येकी तासभर, स्वतःच्या मोबाइलवर. पैसे तासाचे द्या, सापडलेल्या चुकांचे नाही. नाहीतर चुका शोधून नव्हे, मोजून मिळतील. शेवटी एआय. पतसंस्था किंवा बँक असाल तर माणसांची फेरी टाळूच नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पटवण्याच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

व्यापाऱ्यानं बॅनर काढला, सगळीकडे 'टोपली' केलं. ओटीपी पेस्ट करू द्यायचा की नाही, यावर त्याचं आणि प्रोग्रामरचं भांडण अजून चालू आहे.