हवेची कयाक, कर्लीची खाडी : एका मोसमानंतर

ऑक्टोबर ते मे अशी मालवणजवळच्या देवबागला वापरलेली ही दोन माणसांची, हवा भरायची कयाक. लांबी ३.२ मीटर, वजन १५ किलो, दोन बाजूंच्या नळ्या आणि तळ असे तीन कप्पे.

ही खाडीची होडी आहे, समुद्राची नव्हे. देवबागच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली. खाडीच्या अंगाला ती वीतभर पाण्यातून, कांदळवनाच्या कडेकडेने निघते आणि इंजिनाची बोट जिथे टेकत नाही अशा निवांत पुळणीला लागते. मुखाशी मात्र ओहोटीचं पाणी आणि बाहेरची लाट समोरासमोर भिडतात. तिथे अजिबात नेऊ नये. भोगवे, निवतीचे किनारे पाण्यातून बघायचे तर गावातल्या तांडेलाची फायबर बोटच बरी.

वेळ तिथीवरून ठरते. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ : दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. कयाकसाठी हेच दिवस उत्तम, कारण उधाणाची ओढ नसते. साडेसहाला चढत्या पाण्याबरोबर वर जायचं, उतरत्या पाण्याबरोबर दहाच्या आत परत. त्यानंतर खारा वारा धरतो आणि एवढी हलकी होडी वल्ही मारूनही जागची हलत नाही. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावीच. लाइफ जॅकेट पट्टे आवळून, अंगात. होडीत ठेवून नाही.

सगळ्यात जास्त चुका हवेत होतात. नळ्यांचा दाब ०.१ बार. पहाटे २५ अंशांना भरलेली होडी वाळूवर तापून ५५ अंशांना गेली की हाच दाब जवळपास दुप्पट होतो आणि जोड सुटतात. किनाऱ्याला लागताच झडप दाबून थोडी हवा सोडा, होडी सावलीत ओढा. उलट, पाण्यात टाकल्यावर आतली हवा थंडावते, नळ्या ढिल्या पडतात. दहा मिनिटांनी पंपाचे पाच-सहा दट्टे मारावे लागतात.

होडी रोज थोडी बसत असेल तर लगेच भोक शोधू नका. झडपेची रबरी चकती उचलून बघा, बहुतेक वेळा खाली वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. गोड्या पाण्याने धुऊन बोटाने पुसला की गळती थांबते. खरी भोकं पडतात ती कालवांमुळे, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांमुळे. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपावर त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, आणि तळ घासत ओढला की दोन सेंटिमीटरची चीर ठरलेली. ठिगळ गोल कापा, चिरेच्या चारी बाजूंना तीन सेंटिमीटर जास्त घ्या, पीव्हीसीचा गोंद दोन्हीकडे लावा आणि बारा तास हवा भरू नका. मागचा पंखा, म्हणजे होडी सरळ ठेवणारं तळाखालचं पातं, उथळ पाण्यात काढून ठेवा, नाहीतर त्याची खाच फाटते. ती दुरुस्ती ठिगळाने होत नाही.

वल्ह्याचा ॲल्युमिनियमचा सांधा दर वेळी सोडवून धुवावा, मिठाने तो कायमचा धरतो. पावसाळ्यात होडी पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून, पत्र्याच्या पेटीत ठेवा. माळ्यावर ठेवली तर उंदीर घड्यांवरच कुरतडतात, आणि उघडल्यावर एकाच भोकाची सहा भोकं झालेली दिसतात.