गंगापूर रोडवरील धाग्यांचे दालन: विकत घेण्याआधी बाजूने पाहा

नाशिकच्या गंगापूर रोडवरील या छोट्या दालनात विक्रीस ठेवलेली भित्तिविणकामे समोरून चित्रांसारखी दिसतात. दोन पावले बाजूला सरकले की तेच धागे भिंतीपासून चांगले पाच-सहा इंच पुढे आलेले दिसतात आणि चित्राचे शिल्प होते. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (1949–2015) यांनी दोराला गाठी मारत माणसाहून उंच आकार उभे केले, तर विणकर-कलावंत मोनिका कोरिया यांनी विणताना मागाची फणीच (धागे समान अंतरावर धरणारी चौकट) काढून टाकली आणि ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांना मोकळेपणी वळू दिले. येथील उत्तम कामे या दुसऱ्या वाटेने जातात.

आम्ही घेतलेले काम 3 फूट रुंद आणि 4 फूट उंच असून सूत आणि तागाचे आहे. त्याच्या खालच्या भागात विणकराने बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकून न बसवता सैल सोडल्यामुळे कापड फुगून पुढे येते, आणि त्यावरच्या पट्ट्यात ताणा उघडाच ठेवल्याने धाग्यांमधून मागची भिंत दिसते. निळा रंग तांबड्याला जिथे भिडतो तिथे पैठणीच्या पदराप्रमाणे दोन्ही धागे एकमेकांत अडकवून वळवले आहेत. कारागीर येवल्यात माग शिकला असल्याचे दालनात सांगितले, आणि ती सफाई मागच्या बाजूलाही दिसते. 18,500 रुपये ही किंमत मला रास्त वाटली.

दालनाची मांडणी मात्र या कामांना न्याय देत नाही. सगळे दिवे समोरून असल्याने उंचवट्यांची सावलीच पडत नाही, आणि सावली गेली की निम्मे काम गेले. आमच्याकडे खिडकीलगतच्या भिंतीवर सकाळचे तिरपे ऊन येते, तेव्हा दालनात न दिसलेल्या घड्याही स्पष्ट होतात. दुसरी उणीव टांगणीची आहे: एवढे वजन दोन खिळ्यांवर दिल्यास कापड मधोमध ओघळते, म्हणून वरच्या कडेत पूर्ण रुंदीची लाकडी पट्टी बसवून मागावी, आम्हाला ती विनामूल्य बसवून मिळाली.

कॅनव्हासवर दोर चिकटवून केलेल्या स्वस्त वस्तूही तेथे आहेत, पण त्यांत धाग्याने आकार घडवलेला नाही. त्या घेऊ नयेत. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर विणलेले कामही लावू नये, कारण ताग ओलावा धरतो आणि त्याला बुरशी लागते.