रेस्टिक: टर्मिनलवरून एन्क्रिप्टेड बॅकअप, काही महिने वापरल्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे फाउंड्रीच्या ओतकामाला लागणारे नमुने बनवायचं. पंप केसिंग, व्हॉल्व्ह बॉडीचे पॅटर्न, आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स. लाकूड-ॲल्युमिनियम परत आणता येतं, ड्रॉइंग गेलं की गेलं. त्यात निम्मी ड्रॉइंग गिऱ्हाइकांची, बाहेर द्यायची नाहीत असं लिहून दिलेलं. त्यामुळं ती उघडी क्लाउडवर टाकता येत नाहीत. आणि हार्ड डिस्क शहरातच ठेवून भागत नाही, हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं दाखवलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी; २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

रेस्टिक हे टर्मिनलवर कमांड देऊन चालवायचं बॅकअपचं सॉफ्टवेअर. ते फाइलचे तुकडे करून आपल्याच मशीनवर एईएस-२५६ या पद्धतीनं एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करतं आणि मगच बाहेर पाठवतं. स्टोरेजवाल्याला फाइलचं नावसुद्धा दिसत नाही. आधीच चढलेला तुकडा पुन्हा जात नाही. पावसाळ्यात आमची इंटरनेट लाइन सारखी तुटते. तरी पुढच्या वेळी बहुतेक काम झालेलंच असतं. ०.१४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, कॉम्प्रेशनही आहे. स्टेप फाइल (थ्री-डी मॉडेलची) आणि जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) हा साधा मजकूर, तो चांगला दाबला जातो. कॅडच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या, मूळ फाइलींत मात्र जागा फारशी वाचत नाही.

रात्रीचं काम सिस्टमडी टायमरवर (लिनक्समधलं ठरल्या वेळी काम सुरू करणारं घड्याळ) टाकलंय. त्यात ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवा. लाइट गेल्यामुळं वेळ चुकली तर मशीन सुरू झाल्यावर बॅकअप आपोआप होतो. स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड ३ कडं लक्ष द्या; एक्झिट कोड म्हणजे काम संपल्यावर रेस्टिक देतं तो आकडा. ३ चा अर्थ स्नॅपशॉट (त्या वेळच्या फाइलींची प्रत) झाला, पण काही फाइली वाचताच आल्या नाहीत. कोणी कॅडमध्ये असेंब्लीची फाइल उघडी ठेवून घरी गेलं की आमच्याकडं हेच येतं. आमची स्क्रिप्ट त्याला नापासच धरते आणि फोनवर कळवते. शिवाय ठरल्या वेळेत ‘झालं’ असा निरोप आला नाही, तरीही फोन वाजतो. माझ्या मते सगळ्या मांडणीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची, कारण बंद पडलेलं मशीन स्वतःहून काही सांगत नाही.

खरी कसोटी गेल्या महिन्यात लागली. फाउंड्रीतून फोन आला, जुन्या रिव्हिजनचा कोअर बॉक्स परत पाहिजे म्हणून. फोल्डरमध्ये त्याच नावावर नवं रिव्हिजन बसलेलं.

काका म्हणाले, “आरं, मागचं ड्रॉइंग मिळंल का?”

“मिळंल की काका. कुठल्या तारखेचं पायजे?”

‘फाइंड’ या कमांडला फाइलचं नाव दिलं, कुठल्या कुठल्या स्नॅपशॉटमध्ये आहे ते आलं, ‘रिस्टोर’नं तेवढीच एक फाइल वेगळ्या फोल्डरात काढली. काकांनी स्क्रीनवर बोअरचं माप बघितलं आणि फाउंड्रीला फोन लावला.

पासवर्डचं आधी ठरवा. तो हरवला तर डेटा कोणालाच परत काढता येत नाही, रेस्टिक बनवणाऱ्यांनाही नाही. एका रिपॉझिटरीला (बॅकअप साठवायच्या जागेला) अनेक पासवर्ड देता येतात: एक मशीनचा, दुसरा काकांचा, कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये. पण जुना पासवर्ड काढल्यानं आतली मास्टर की, म्हणजे डेटा उघडणारी मूळ किल्ली, बदलत नाही. माणूस सोडून गेला आणि विश्वास नसेल, तर नवी रिपॉझिटरीच करावी.

‘फर्गेट’ ही कमांड जुने स्नॅपशॉट फक्त यादीतून काढून टाकते, जागा ‘प्रून’नं मोकळी होते. प्रून चालू असताना बॅकअप होत नाही, म्हणून ते रविवारी ठेवलंय. नुसतं ‘चेक’ रचना तपासतं, आतला डेटा वाचत नाही. त्यासाठी ‘रीड-डेटा-सबसेट’ देऊन दर महिन्याला बारावा हिस्सा वाचून घेतो.

तक्रार एकच. खिडकी-बटणं नाहीत, आणि ‘माउंट’ (बॅकअप साध्या फोल्डरसारखा उघडून दाखवणारी कमांड) विंडोजवर चालत नाही. मी नसताना काकांना फाइल काढता येणार नाही, आणि हे मला खटकतं. त्यांच्यासाठी पायऱ्या मराठीत लिहून भिंतीवर लावल्यात.

आणखी एक काम राहिलंय. आमच्या मशीनकडं बॅकअप पुसायचाही अधिकार आहे, म्हणजे रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) घुसलं तर तेही पुसू शकतं. कागलच्या युनिटमधल्या जुन्या पीसीवर रेस्ट-सर्व्हर (रेस्टिकचा बॅकअप घेऊन ठेवणारं सॉफ्टवेअर) ‘अपेंड-ओन्ली’ लावून, म्हणजे बाहेरून फक्त भर घालता येईल, पुसता येणार नाही असं, तिथं दुसरी प्रत सुरू करतोय. प्रून तिथं बसूनच करायचं.