ओल्या तंबाखूचा त्रास की फवारणीची विषबाधा?

निपाणीकडे तंबाखूची ओली पानं हाताळून आलेली बाई ओकते, चक्कर येते म्हणते. फवारणी करून आलेला गडीही सुरुवातीला तसाच दिसतो. दोन्हीकडे घोळ मज्जातंतूंच्या निरोप्याचा, अ‍ॅसिटिलकोलिनचा. निकोटिन कातडीतून शिरून त्याची नक्कल करतं. ओले कपडे बदलून साबणाने अंग धुतलं की बहुधा दिवसा-दोन दिवसांत उतरतं.

मला खरी धास्ती दुसऱ्या प्रकाराची, फवारणीच्या विषबाधेची. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक त्या निरोप्याला संपवणारं विकरच (एन्झाइम) बंद पाडतं. निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू, मग श्वासच अडतो. इथे ‘जरा पडून बघतो’ चालत नाही. कपडे काढा, अंग धुवा आणि फवारलेल्या कीटकनाशकाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. अ‍ॅट्रोपिन हा या विषावरचा उतारा तिथेच मिळेल.